शिंगाळ्यातलं इन्शुलीन

माझ्या नवऱ्याची तक्रार अशी की मी घरच्यांपेक्षा माशांशी जास्त बोलते. साफ खोटं! मी माशांशी बोलत नाही, मी त्यांच्यावर ओरडते. आणि ओरडायला कारणही तसंच होतं. वर्षभर मी डहाणूच्या शिंगाळ्याच्या पोटात इन्शुलीन शोधत होते आणि तो शहाणा काही केल्या ते दाखवायला तयार नव्हता.

डहाणूच्या एका छोट्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. माहेर तलासरी तालुक्यातलं, पूर्वेकडच्या डोंगरातला पाडा. तिथे भात, नागली आणि मासे म्हणाल तर ओढ्यातले. समुद्राची मासळी आमच्या पाड्यावर यायची ती सुकट होऊनच. लग्न होऊन डहाणूला आले तेव्हा मला बोंबील आणि मांदेली यातला फरकसुद्धा सांगता येत नव्हता, आणि आता बघा, मी माशावर पीएचडी करतेय. सासूबाई सगळ्यांना सांगतात, ‘आमची सून माशांची डॉक्टर होणार आहे.’ मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

विषय थोडक्यात सांगते, घाबरू नका. आपल्या स्वादुपिंडात इन्शुलीन बनवणाऱ्या पेशी इकडेतिकडे विखुरलेल्या असतात. काही माशांत मात्र त्या सगळ्या एकत्र येऊन एक वेगळा दाणा करून राहतात. शिंगाळ्यात हा दाणा पित्ताशयाच्या आसपास सापडतो, पांढुरका, तांदळाच्या कणीएवढा. मासा मेला की हा दाणा फार लवकर नासतो, म्हणून मासा ताजा, शक्यतो जिवंतच हवा. शिंगाळा त्या बाबतीत चिवट, पाण्याबाहेर काढला तरी बराच वेळ तोंड वासून जगतो. म्हणून मी तो निवडला. त्याच्या पाठीवरचा काटा एकदा माझ्या अंगठ्यात घुसला होता. तेव्हा मी हा निर्णय मोठ्याने मागे घेतला होता, पण हाताची सूज उतरल्यावर परत त्याच्याकडेच गेले.

आता तो दाणा म्हणजे खरंच इन्शुलीनचा, हे सिद्ध कसं करायचं? त्यासाठी अँटीबॉडी लागते. पाठ्यपुस्तकात तिला प्रतिपिंड म्हणतात, पण मी वर्गात तसं म्हटलं की मुलं श्राद्धाच्या विधीकडे वळतात. जत्रेत हरवलेलं आपलंच पोर आई जशी बरोबर हुडकून धरते, तशी ही अँटीबॉडी हजार पदार्थांच्या गर्दीत फक्त इन्शुलीनला जाऊन धरते. आमच्या अँटीबॉडीला वर एक हिरवा चमकणारा रंग बांधलेला असतो. सूक्ष्मदर्शकातून निळा उजेड टाकला की तो रंग हिरवा पेटतो. म्हणजे जिथे हिरवं, तिथे अँटीबॉडी, आणि जिथे अँटीबॉडी, तिथे इन्शुलीन. सोपं आहे. कागदावर.

पहिली अँटीबॉडी आणली तिने काही धरलंच नाही. दोष तिचा नव्हता. शरीरात इन्शुलीन तयार होतं ते आधी एका लांब साखळीच्या रूपात. मग मधला तुकडा कापून बाजूला टाकला जातो, त्याला सी-पेप्टाइड म्हणतात. ती पहिली अँटीबॉडी माणसाच्या या मधल्या तुकड्यासाठी बनवलेली होती. हा तुकडा प्रत्येक प्राण्यात वेगळा. माणसाचा तुकडा ओळखणारीला माशाचा कसा ओळखू येणार? आम्ही आशेने करून बघितलं आणि महिनेन् महिने मी काळोखात डोळे फोडत बसले. स्लाइडवर काळोख, मी घामाघूम आणि खोलीत फॉर्मलिनचा वास. आमचा सूक्ष्मदर्शक मुंबईच्या एका मोठ्या प्रयोगशाळेने नवा घेतला म्हणून आम्हाला दिलेला, आणि अंधारी खोली म्हणजे जुनं स्टोअर, खिडकीला काळे चार्टपेपर चिकटवलेले. तरी मला ती खोली आवडते. तिथे कोणी सह्या मागायला येत नाही.

माझ्या गाइड मॅडम मुंबईला असतात. शांत बाई. रागावत नाहीत, हाच त्यांचा त्रास आहे. दिवाळीनंतर त्यांनी फोन केला आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, ‘‘हे बघ, दुसरी अँटीबॉडी मागवूया. इन्शुलीनचा जो भाग माशापासून माणसापर्यंत जवळजवळ तसाच राहिलाय, तो धरणारी. शेवटचा प्रयत्न. महिनाअखेरपर्यंत शिंगाळ्यात हिरवं दिसलं तर ठीक. नाहीतर विषय बदलू. इथे उंदरांवर काम तयार आहे. तू कॉलेजातून रजा काढ आणि दोन वर्षं इथे हॉस्टेलला राहा.’’

दोन वर्षं! माझी लेक तिसरीत आहे. अजून वेणी घालताना माझ्याच मांडीला टेकून बसते. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन डबे आपटले. नवऱ्याने दोन-तीन डबे आपटू दिले, मग हळूच आत आला. सगळं ऐकल्यावर म्हणाला, ‘‘जावं लागलं तर जा. आम्ही राहू.’’ माणूस चांगला आहे, पण अशा वेळी चांगुलपणाचा फार राग येतो. मला जायचंच नव्हतं. लेकीला सोडून तर नाहीच, आणि खरं सांगते, शिंगाळ्याला सोडूनही नाही. मुंबईचे उंदीर कोणीही करेल. इथला मासा इथे बसून इथल्या बाईने का करू नये? ही गोष्ट मी नवऱ्याशिवाय कोणालाच सांगितली नाही. बोललं की खरं होतं, अशी मला भीती वाटते. शास्त्र शिकवणारीने असं म्हणू नये, माहीत आहे.

आता या गोष्टीतली खरी बाई. बाजारात कोपऱ्यावर बसणारी कोळीण, आमची मावशी. नात्याची नाही, पण नात्यातल्यांपेक्षा जास्त हक्काने बोलते. माझं तिच्याकडचं गिऱ्हाईकपण उलटं आहे. सकाळी तिच्यासाठी बंदरावरून घमेल्यात जिवंत शिंगाळे येतात. मी तिच्या पाटाशेजारी बसकण मारते, मासा तिच्याकडून कापून घेते, आतला दाणा माझ्या कात्रीने उचलून बाटलीत टाकते आणि अख्खा मासा तिला परत देते. तो ती विकते. सुरुवातीला तिला काही उमजेना. शेजारणीला ओरडून म्हणाली होती, ‘‘बघ गो, ही डोंगरातली मास्तरीण! मासा मला देते नि घाण घरी नेते!’’ तेव्हापासून बाजारात माझं नाव डोंगरातली मास्तरीण. मराठी, गुजराती, दोन्हीत तेच.

एकदा तिने विचारलं होतं, ‘‘काय असतं गो त्या दाण्यात?’’ मी म्हटलं, इन्शुलीन. साखरेवर देतात ते. ती स्वतः साखरेच्या गोळ्या खाते, त्यामुळे एकदम कान टवकारले. ‘‘म्हणजे माशाला पण डायबेटीस?’’ मी म्हटलं, नाही मावशी, होऊ नये म्हणूनच ते असतं. यावर ती शिंगाळ्याकडे बघून म्हणाली, ‘‘आमच्यापेक्षा बरं चाललंय मग याचं.’’

तर ती नवी अँटीबॉडी आली. अंगठ्याच्या नखाएवढ्या बाटलीत, तळाशी थोडंसं पिवळट पाणी. तिचे नखरे तीन. उजेड लागला की रंग उडतो, म्हणून कायम चंदेरी फॉइलमध्ये. गरम झाली की नासते, म्हणून फ्रीजमध्ये. आणि गोठली तरी बिघडते, म्हणून फ्रीजरमध्ये मात्र अजिबात नाही. कुरिअरवाला डहाणू रोडहून पार्सल घेऊन आला तेव्हा आतल्या बर्फाच्या पिशव्या कोमट झालेल्या. आणि त्याच दिवशी आमच्याकडची लाइट गेलेली. साधी नाही गेली, कुठेतरी मोठं काहीतरी जळलं होतं आणि वायरमन म्हणत होता, उद्या संध्याकाळी बघू. कॉलेजचा फ्रीज बंद, घरचा बंद, शेजाऱ्यांचा बंद. जनरेटर आहे तो फक्त ऑफिसच्या पंख्याला!

त्यातून दुसऱ्या दिवशी माहेरी नवं खायचं होतं. नव्या भाताचा पहिला घास घरच्या देवाला दाखवून सगळ्यांनी एकत्र बसून खायचा, त्याआधी नवा दाणा कोणी तोंडात घालायचा नाही, हा आमच्या पाड्याचा रिवाज. मी गेले नसते तर आईने घास घेतला नसता आणि वर्षभर ऐकवलं असतं. आम्ही तिघंही संध्याकाळच्या एसटीने निघणार होतो. एसटीत, लोकांच्या मांडीवर, नखाएवढी बाटली घेऊन मी कुठे जाणार?

मला एकच जागा सुचली. मावशी. तिच्याकडे थर्मोकोलची ही भलीमोठी पेटी असते आणि बर्फ कधी संपत नाही. मी बाटली फॉइलमध्ये गुंडाळली, प्लॅस्टिकच्या डबीत घातली आणि तिच्या हातात दिली.

‘‘मावशी, हे थंड राहिलं पाहिजे आणि याला उजेड दिसता कामा नये. उद्या संध्याकाळी नेते. जिवापाड जपा.’’

तिने डबी कपाळाला लावली. मी म्हटलं, औषध आहे, देव नाही. ती म्हणाली, ‘‘तुझं तोंड बघून देवच वाटतो.’’

नव्याचं जेवण झकास झालं. नव्या तांदळाचा भात, वाल आणि आईने मुद्दाम ठेवलेली खेकड्याची आमटी. लेकीने तीनदा भात घेतला. आई म्हणाली, डहाणूला हिला खायला घालत नाहीस का? मी जेवले आणि पडवीत पसरले. पोट भरलेलं, वरून वारा, खाली शेतात झोडणीचा आवाज. त्या दुपारी मी हिरवं-काळं सगळं विसरले होते. निघताना आईने तांदळाची पिशवी दिली आणि आम्ही डहाणूला उतरलो. मी थेट बाजारात गेले.

मावशी वाटच बघत होती. चेहऱ्यावर असं काही, की जणू माझं लग्नच लावून दिलंय. पेटीचं झाकण उघडलं, वरचा बर्फ हाताने बाजूला केला. त्याखाली पापलेटं मांडलेली, त्याखाली परत बर्फ, त्याखाली काळी पिशवी, त्यात टॉवेल, त्यात डबी. ‘‘बघ. सूर्याने पण तोंड नाय बघितलं याचं.’’

मी डबी उघडली. बाटली हलवली. आतलं हललं नाही. खडा. पांढरा, गच्च खडा. माझ्या बोटांना खरखरीत काहीतरी लागलं. चाटून बघितलं. मीठ.

‘‘मावशी, बर्फात मीठ टाकलंत?’’

‘‘मग? दूरच्या ऑर्डरीच्या पापलेटला टाकते तसं. नुसत्या बर्फाने काय होतंय? खडेमीठ मारलं की बर्फ चावतो. मुठी भरून मारलंय, काळजी नको करू.’’

नुसता बर्फ शून्यावर थांबतो. मीठ टाकलं की त्याच्याही खाली जातो. कुल्फीवाल्याला ठाऊक असतं, मावशीला ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं. फक्त थंड ठेवा म्हणजे गोठवू नका, हे सांगायचं कोणाच्या डोक्यात येतं? थंडीचा तिचा धर्म वेगळा. तिच्या धर्मात जितकं जास्त थंड तितकी जास्त माया.

हे सगळं शहाणपण आत्ताचं. तेव्हा मी भर बाजारात, गिऱ्हाइकांच्या देखत, जो काही तोंडाचा पट्टा सोडला तो इथे लिहिण्यासारखा नाही. वाटोळं, सत्यानाश, माझं सगळं संपलं, सगळं काढलं. समोरची भाजीवाली जुडी बांधायची थांबली. मावशीनेही पदर खोचला. ऐकून घेणाऱ्यातली ती नव्हेच. ‘‘जिवापाड जप म्हणालीस, जपलं! पापलेटं वर ठेवली नि तुझ्या डबीला खाली निजवली! माझ्या पोरांना एवढं जपलं नाय! नि वर शिव्या? जा, घेऊन जा तुझी बाटली, परत तोंड दाखवू नको!’’

मी बाटली घेऊन, डोळे पुसत तरातरा निघाले. तांदळाची पिशवी तिच्या पाटावरच राहिली, हे घरी गेल्यावर कळलं. आणायला मी थोडीच जाणार होते!

मॅडमना फोन केला. रडतच केला, लपवत नाही. त्या म्हणाल्या, ‘‘हलवू नकोस. लाइट आली ना? मग फ्रीजमध्ये सावकाश वितळू दे. मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरव. बिघडलेल्या भागाच्या गुठळ्या खाली बसतील. वरचं पाणी वापर, तळाला हात लावू नकोस. नवी मागवायला आता वेळ नाही.’’ मी विचारलं, चालेल का? त्या म्हणाल्या, ‘‘चाललं तर चाललं.’’ रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वितळवली, फिरवली. नळीच्या तळाशी खरंच पांढरा ठिपका बसला. वरचं पाणी मी श्वास रोखून काढून घेतलं, आता यावर माझी दोन वर्षं, अशा विचाराने.

ताजे शिंगाळे मात्र हवेच होते, त्यामुळे नाक मुठीत धरून बाजारात जावंच लागलं. मावशी माझ्याकडे बघायची नाही. घमेलं पायाने माझ्या दिशेने सरकवायची, मासा कापून पाटावर आपटायची आणि भाजीवालीशी मोठमोठ्याने बोलायची. मी खाली मान घालून दाणा काढायची, मासा परत ठेवायची. पण एक सांगते, घमेल्यातले शिंगाळे त्या दिवसांत रोज पहिल्यापेक्षा चांगले, नुसते वळवळणारे असायचे. हे मला दिसत होतं. तिला वाटत होतं की मला दिसत नाही.

दाणे मेणात बसवले, पातळ काप काढले, काचेवर घेतले. काप उकळावे लागतात, म्हणजे झाकलेलं इन्शुलीन मोकळं होतं. त्यासाठी आमच्याकडे माझ्या लग्नातला कुकर आहे. कॉलेजच्या जिन्यात शिट्टी ऐकू आली की मुलं विचारतात, मॅडम, आज काय बेत? मग स्लाइडवर अँटीबॉडीचे थेंब, आणि स्लाइडा ओल्या कागदावर मांडून स्टीलच्या डब्यात बंद. वरून फॉइल. डबा फ्रीजमध्ये.

रविवारी सकाळी कॉलेज रिकामं होतं. बाजाराला दांडी मारून मी सरळ अंधाऱ्या खोलीत जाऊन बसले. आधी उंदराची स्लाइड लावली. मॅडमनी मुद्दाम पाठवलेली, तिच्यात इन्शुलीन आहेच हे माहीत असलेली. मंद, पण हिरवं! म्हणजे अँटीबॉडी पार मेली नव्हती, आजारी होती. मग शिंगाळा लावला. काळं. सरकवलं. काळं. मी त्या शिंगाळ्याला म्हटलं, मेल्या, एकदाच! अजून जरा सरकवलं.

आणि कडेने हिरवं आत आलं. आधी एक पेशी, मग दोन, मग अख्खा पुंजकाच. एकेक पेशीत बारीक बारीक हिरवे कण भरलेले, मधली गोल जागा काळी. मी ओरडले. खरंच ओरडले, वॉचमनने खालून विचारलं, मॅडम, पाल आली का?

फोटो काढून मॅडमना पाठवला. लगेच उत्तर आलं. ‘‘छान. पण गोठलेली होती ना? गुठळ्या कुठेही चिकटतात आणि चमकतात. कंट्रोल बघितलास का?’’

झालं. सगळी हवा गेली. त्यांचं बरोबर होतं, म्हणून तर जास्त लागलं. कंट्रोल म्हणजे काय, तर त्याच माशाचा दुसरा काप. त्यावर टाकायच्या अँटीबॉडीत आधीच भरपूर इन्शुलीन मिसळायचं, औषधाच्या दुकानातलं साधं. मग तिचे हात आधीच भरलेले, माशातलं इन्शुलीन धरायला ती मोकळीच नाही. अशी स्लाइड काळी दिसली पाहिजे. तिथेही हिरवं दिसलं तर समजायचं की आपण इन्शुलीन बघत नाही, गुठळ्यांचा चिकटा बघतोय, आणि पहिलं हिरवंही खोटं. ती स्लाइड मी बाकीच्यांबरोबरच केली होती. डब्यात पडली होती. मला ती लावायचा धीरच होईना. मी पाणी प्यायले. टेबल पुसलं. पुसलेलं टेबल परत पुसलं. शेवटी लेकीची वेणी डोळ्यांपुढे आली आणि मी स्लाइड लावली.

काळं. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळं. उजेड वाढवला, तरी काळं. दाणा होता, आकार अंधुक कळत होता, पण हिरवा एक कण नाही! मी दोन्ही हात तोंडावर धरून बसले. इतकं सुंदर काळं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. पटकन त्याचाही फोटो काढून पाठवला.

तेवढ्यात दार वाजलं. बाहेर मावशी. एका हातात पाणी भरलेली बादली, त्यात शिंगाळे, दुसऱ्या हातात माझी तांदळाची पिशवी. चेहरा अजून फुगलेलाच.

‘‘आज आली नाहीस. म्हटलं मेली का काय, बघून यावं.’’

मी तिला ओढूनच आत घेतलं, दार लावलं. काय चाललंय ते तिला कळेना. मी तिला स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, बघा, बघा आत! ती चष्मा वर सारून वाकली. बराच वेळ बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली,

‘‘काय दिसत नाय गो.’’

‘‘हो ना!’’ मी म्हणाले. मला हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. ‘‘काहीच दिसत नाही!’’

तिने मान वर केली. त्या अंधारातही मला तिचा चेहरा दिसला. असा चेहरा मी तिचा कधीच बघितला नव्हता. माशाच्या पैशावरून चारचौघांशी भांडणारी ती बाई एकदम लहान झाली होती.

‘‘माझ्या मिठानं गेलं ना सगळं?’’ ती म्हणाली. ‘‘आठ दिवस मला झोप नाय. मी तुझ्याशी भांडले, पण मला कळत होतं. तू रडत गेलीस ते बघितलं मी.’’

‘‘अहो नाही मावशी, नाही!’’ मी अक्षरशः तिच्या पाया पडायच्या बेतात होते. माझीच अक्कल! आधी कुठली दाखवावी तेही सुचलं नाही. मी घाईघाईने स्लाइड बदलली, तर त्या घाईत हिरवा पुंजका सापडेचना. सापडला. ‘‘आता बघा.’’

ती परत वाकली. श्वास आत ओढल्याचा आवाज आला. नुसती बघत राहिली.

‘‘हे शिंगाळ्यातलं?’’

‘‘तुमच्या घमेल्यातल्या शिंगाळ्यातलं. हेच इन्शुलीन. आणि मघाशी काळं दिसलं ना, त्यामुळेच हे हिरवं खरं ठरलं. काळं दिसायलाच हवं होतं.’’

काळ्याचं तिला कितपत पटलं कोण जाणे. ती डोळा लावून बसली ती उठेचना. ‘‘किती गो बारीक,’’ म्हणाली. ‘‘नि आम्ही रोज गटारात टाकतो.’’

टेबलावर फोन वाजला. मॅडमचा मेसेज. मी तो मोठ्याने वाचला, स्वतःलाच ऐकू यावा म्हणून. ‘‘कंट्रोल स्वच्छ आहे. मंद आहे, पण खरं आहे. शिंगाळाच विषय राहू दे. तुला मुंबईला यायची गरज नाही.’’

मावशीने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला.

‘‘मुंबईला कोण जाणार होतं?’’

मी सांगितलं. काय सांगू नये ते आता उरलंच नव्हतं. हे हिरवं दिसलं नसतं तर दोन वर्षं जायचं होतं. लेक इथे, मी तिथे हॉस्टेलला. बाजारही सुटला असता.

मी मनात म्हटलं, आता ही काहीतरी चेष्टा करणार, डोंगरातली मास्तरीण गेली असती तर बरंच झालं असतं, असं काहीतरी. पण ती उठली आणि तिने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की माझा चष्मा नाकावर आला.

‘‘मग सांगायचं नाय?’’ ती ओरडली. ‘‘पोरीला सोडून जाणार होतीस माझ्या मिठापायी, नि मला सांगायचं नाय?’’

आणि मग ज्या हाताने धपाटा घातला त्याच हाताने तिने मला जवळ ओढलं. तिच्या लुगड्याला मासळीचा वास होता, बादलीत शिंगाळे पाणी उडवत होते, आणि आम्ही दोघी त्या स्टोअरच्या खोलीत उभ्या राहून हमसून हमसून रडलो.